मुजफ्फरभाईच्या पाच डिस्क

वणीत कोळशाची धूळ कुणालाच चुकत नाही. दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घालता येत नाहीत. माठावर दुहेरी फडकं लागतं. मुजफ्फरचा धंदा या धुळीवरच चालायचा. चंद्रपूरच्या रस्त्याला त्याचं आठ बाय दहाचं दुकान. बंद पडलेले कॉम्प्युटर तिथे यायचे आणि त्यातले निम्मे नुसते साफ केले की सुरू व्हायचे. तो गिऱ्हाइकाला तसं सांगूनही टाकायचा.

"बिघडलं काहीच नव्हतं जी. खोकला झालता त्याले."

वय सेहेचाळीस. वडील ट्रकच्या डायनामोचं वाइंडिंग करायचे. त्यांच्याकडून तो तांब्याची तार गुंडाळायला शिकला, मग रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. शिकवणारं कुणी नव्हतं. मशीन उघडायचं, बघत बसायचं, आणि समजलं की हसायचं. घरी सईदा ब्लाउज शिवायची. मुलगी गझाला उमरखेडला दिलेली. दुकानात त्यानं हाताखाली कधी कुणाला ठेवलं नाही. काम चुकलं तर आपलंच चुकलं पाहिजे, असं म्हणायचा.

कलीम त्याचा शाळेपासूनचा मित्र. बाजारात कलीमचा फोटो स्टुडिओ आहे. तो त्याच्या वडिलांनी, निजामुद्दीनचाचांनी काढलेला. चाचांचं नाव आजूबाजूच्या खेड्यांत अजून निघतं, ते पोळ्यामुळे. पोळ्याच्या दिवशी ते कॅमेरा गळ्यात अडकवून सायकलवर निघायचे आणि तोरणाखाली उभ्या केलेल्या जोड्यांचे फोटो काढायचे. शिंगांना बेगड, अंगावर झूल, कपाळावर बाशिंग, आणि मधे कासरा धरून मालक. ज्यानं जन्मात कधी फोटो काढून घेतला नाही असा माणूसही त्या दिवशी बैलांसाठी उभा राहायचा. असे तीस पोळे चाचांनी टिपले. निगेटिव्हची खोकी स्टुडिओच्या माळ्यावर होती.

सहा वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या कार्यालयाचं सामान लिलावात निघालं. त्यात एक सर्व्हर होता. मुजफ्फरनं तो कलीमला घ्यायला लावला, आठवडाभर खपून साफ केला आणि स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसवला. पुढच्या बाजूला पाच खण. प्रत्येक खणात पत्र्याच्या ट्रेमध्ये एकेक डिस्क.

"सगळे फोटो याच्यात टाक," तो म्हणाला. "पाची डिस्क मिळून एक हाय. एखादी मेली तरी बाकीच्या चार तिचा हिशोब सांगतात. तुहा एक फोटो जात नाई."

"अन् दोन मेल्या तं?"

"दोन कायले मरतीन बे? एक मेली का दुसरी आनायची. तेवढं तं करशीन का नाई?"

कलीम हसला. त्याला यंत्रातलं काही कळत नव्हतं. मुजफ्फर सांगतो म्हणजे खरं, एवढं कळत होतं.

गेल्या मे महिन्यात एक डिस्क गेली. उन्हाळा तसलाच होता. पाचव्या खणावर लाल दिवा लागला आणि मशीन पीं पीं करत राहिलं. मुजफ्फरनं ती डिस्क ट्रेसकट बाहेर काढली, टेबलावर ठेवली आणि सांगितलं, अशीच नवी नागपूरहून मागव, मी बसवून देतो. तोवर चारवर चालेल. कलीम हो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी उमरखेडहून फोन आला. गझालाला दिवस भरायच्या आत कळा सुरू झाल्या होत्या. मुजफ्फर आणि सईदा मिळेल त्या एसटीनं गेले. नात झाली, पण इवलीशी. पुढचे अडीच महिने दवाखाना आणि घर, घर आणि दवाखाना. वणीतलं दुकान बंद. त्या धांदलीत पाचवी डिस्क त्याच्या डोक्यातून साफ गेली.

पावसाळ्यात लग्नं नसतात. हात रिकामे म्हणून कलीमनं माळ्यावरची खोकी खाली काढली. कित्येक निगेटिव्ह एकमेकांना चिकटलेल्या, बुरशी धरलेल्या, उघडल्या की आंबट वास मारणाऱ्या. जेवढ्या निघाल्या तेवढ्या त्यानं एकेक करून स्कॅन केल्या. जून, जुलै, ऑगस्ट. सर्व्हरमध्ये 'अब्बा' नावाचं फोल्डर केलं आणि सगळं त्यात टाकलं. त्या खोक्यांच्या वासानं त्याच्या बायकोला, शगुफ्ताला दमा उसळायचा. तेवढ्यात जुनी एक्सरेची फिल्म विकत घेणारा रामलाल येऊन विचारून गेला. त्यातून चांदी निघते म्हणे. कलीमनं मुजफ्फरला फोन लावला.

"अब्बाच्या निगेटिव देऊन टाकू का रे? शगुफ्ता खोकून खोकून मरून राह्यली."

मुजफ्फरच्या मांडीवर नात होती. नुकती झोपली होती. तो हळू आवाजात म्हणाला, "स्कॅन केल्या ना? पाच डिस्कवर हाय ना? मंग कायले घर भरून ठेवतं?"

खोकी गेली.

जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास, विजेचा दाब एकदम वाढला. बाजारातले चार फ्रीज गेले आणि कलीमचा सर्व्हर गेला. आतला मुख्य बोर्ड जळला होता. डिस्क जळाल्या नव्हत्या, हे मुजफ्फरनं वास घेऊनच सांगितलं. तसाच दुसरा सर्व्हर त्याच्याकडे भंगारातून आलेला पडून होता. या मशीनच्या डिस्क त्या मशीनमध्ये घालायच्या, एवढंच काम. घाई नव्हती.

घाई सोमवारी झाली. सकाळी स्टुडिओत अपेक्षा आली. वणीपासून बारा किलोमीटरवरच्या गावातले बापूजी वारले होते, ही त्यांची मुलगी. राळेगावला दिलेली. डोळे सुजलेले, हातात मोबाईल.

"चाचा, गुरुवारी तेरवी हाय. बापूचा फोटो पाहिजेन. तुमी दिवाळीत म्हनले होते ना, पोळ्याचा सापडला म्हनून?"

"हाय ना. अब्बानं काढलेला. घरी होता ना तुमच्या एक?"

"वाळवी लागली त्याले. फ्रेमसकट खाल्ला." तिनं मोबाईल पुढे केला. "याच्यात हायेत, पन सारे दवाखान्यातले. नाकात नळी. हे कसं लावू भिताडाले? बापू फोटोच काढू देत नव्हते. म्हनायचे, माहं थोबाड काय पाहता, बैल पाहा."

कलीमनं बुधवारी ये म्हणून सांगितलं. ती जाताच त्यानं मुजफ्फरला बोलावलं.

दुपारी मुजफ्फर तो दुसरा सर्व्हर घेऊन आला तेव्हा जुन्या सर्व्हरच्या पाची खणांत पाच डिस्क होत्या. त्यानं पाहिलं. मेमधली गोष्ट आठवली. कलीमनं नवी आणून कुणाकडून तरी बसवून घेतली, असं त्याला वाटलं. बरं वाटलं. आपण नसतानाही यानं काम अडवून ठेवलं नाही. विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही दिसत नव्हतं.

या कामाचा पहिला नियम त्याला पाठ होता. डिस्क हलवण्याआधी प्रत्येकीची नक्कल काढायची, मग काय ते करायचं. पण त्यासाठी तेवढ्याच मोठ्या पाच कोऱ्या डिस्क हव्या होत्या. त्या नागपूरहून यायला दोन दिवस, नकला काढायला दोन दिवस. तेवढ्यात तेरवी होऊन जाणार. त्यानं ट्रेवर खडूनं एक ते पाच आकडे घातले. पाचवा ट्रे ओढताना जरा सैल लागला. त्यानं तो मऊ फडक्यावर इतर चौघांशेजारी ठेवला. मग नव्या मशीनमध्ये त्याच क्रमानं एकेक सरकवला, प्रत्येक कडी लागल्याचा आवाज ऐकला आणि बटण दाबलं.

पडद्यावर प्रश्न आला. या डिस्क दुसऱ्या मशीनमधल्या आहेत, जुनी मांडणी ठेवायची की पुसायची? त्यानं ठेवायची म्हटलं. इथवर सगळं बरोबर होतं.

मग यादी आली. एक, तीन आणि चार एकत्र. दोन दिसत नव्हती. पाच दिसत होती, पण वेगळी, रांगेबाहेर.

"काय म्हनते?" कलीमनं विचारलं.

"दोन नंबर रुसली."

त्यानं दोन नंबर काढली, फुंकली, तिच्या जोडणीच्या पट्टीवर खोडरबर फिरवलं, पुन्हा लावली. नाही. पुन्हा केलं. नाही. तीन डिस्कवर काही उभं राहत नाही, चार लागतात. पाच नंबर तर चांगली होती, दिवा हिरवा होता. नवीच आहे, त्यानं मनाशी धरलं. बोर्ड जळाला तेव्हा रांगेतून सुटली असेल. यंत्राला तिला जबरदस्तीनं आत घ्यायला सांगता येतं. त्यानं सांगितलं. यंत्रानं विचारलं, खात्री आहे? त्यानं हो दाबलं.

फोल्डर दिसायला लागली. सगळी नावं. 'अब्बा' सुद्धा.

"वा रे मुज्जू!" कलीम म्हणाला आणि चहा सांगायला उठला.

मशीन एकदा बंद करून सुरू केलं तर ते स्वतःच डिस्क तपासायला लागलं. पडद्यावर ओळी धावायला लागल्या. हे दुरुस्त केलं, ते दुरुस्त केलं. ओळी थांबेनात. मुजफ्फरचा हात बटणाकडे गेला. इतकं काय दुरुस्त करतंय? पण नावं तर दिसली होती. हात मागे आला. तेवढ्यात दोन नंबरचा दिवाही लागला. खोडरबराचा गुण असेल, किंवा गरम होऊन पट्टी बसली असेल. यंत्रानं तिला ओळखलं आणि बाकीच्या चौघींच्या हिशोबानं ती नव्यानं भरायला घेतली. पाची दिवे लुकलुकू लागले. मुजफ्फर चहा प्यायला. मशीन चालू ठेवून दोघं घरी गेले.

मंगळवारी दुपारी फोटो उघडले. गेल्या उन्हाळ्यातली लग्नं, त्याआधीची, सगळी ठीक. साक्षगंध, हळद, वरात, सगळं जागच्या जागी. कलीमनं 'अब्बा' उघडलं. बापूजींच्या नावावर टिचकी मारली.

वर आभाळ आलं. तोरणाचं आंब्याचं पान आलं. बेगड लावलेली चार शिंगं आली, त्यातलं एक मोडकं, फेट्याचा तुरा आला, फेटा आला, कपाळ आलं. भुवयांपासून खाली करडा रंग. सिमेंटच्या भिंतीसारखा, सपाट.

कलीमनं दुसरा उघडला. तिसरा. कुठे शिंगं, कुठे नुसतं आभाळ. काही उघडलेच नाहीत. खाली जात जात तो एका जागी थांबला. तो फोटो चाचांचा स्वतःचा होता, सायकलजवळ उभे असलेले. सायकल वाचली होती.

मुजफ्फरनं पाचव्या खणाकडे पाहिलं. मग मुजफ्फरनं विचारलं, "पाचवी डिस्क नागपूरवरून कवा आनली?"

"कोनती पाचवी?"

"नवी."

"आनलीच कुठं? राहूनच गेलं ते." कलीम पडद्याकडेच बघत होता. "तू काढून ठेवली होती टेबलावर. ते भोक उघडं राह्यलं. धूळ जात होती ना सारी अंदर. मंग म्या तिलेच ढकलून देल्लं, अर्धवट. बूच म्हनून."

 मुजफ्फर स्टुलावर बसला.

त्यात कलीमचं काही चुकलं होतं, असं वणीतला कुणीच म्हणाला नसता. इथे बाटलीचं तोंड उघडं ठेवत नाहीत. खिडकीची फट चिंधीनं बुजवतात. उघडं भोक दिसलं की हात आपोआप काहीतरी शोधतो. कलीमच्या हाताला ती मेलेली डिस्क लागली. उन्हाळ्यात गरम होऊन बंद पडलेली ती आता थंडीत चालू झाली होती, पण तिच्यात मेपर्यंतचं होतं, त्यानंतरचं काही नव्हतं. मुजफ्फरनं तिला शहाणी समजून पुढे बसवलं. तिनं जूनपासूनचा सगळा हिशोब चुकीचा सांगितला आणि यंत्रानं तो खरा मानला. दोन नंबर खरी होती. तिला फक्त धूळ लागली होती. तीच आता खोट्या हिशोबानं पुसून भरली होती. मेआधीची लग्नं तेवढी वाचली. पावसाळ्यापासून जे घातलं ते गेलं.

त्यानं नागपूरच्या एका माणसाला फोन लावला. हरवलेला डेटा काढून देणारा, ओळखीचा. सगळं खरं सांगितलं. त्या माणसानं एकच विचारलं.

"भाऊ, दोन नंबर पुरी भरून झाली का?"

"झाली."

"मंग आनू नका. उगाच हेलपाटा होईन तुमाले."

कलीम दाराशी उभा राहून ऐकत होता. "ऐक," तो म्हणाला. "उद्या ती पोरगी येईन तं सांगू, मशीन जळली. जळलीच ना? खोटं थोडीच हाय. सारा बाजार जानते."

"मशीन जळली. फोटो म्या घालवले."

"तुह्या एकट्याचं हाय का? भोकात कोन ढकलली?"

"तुले मालूम नव्हतं. मले मालूम होतं, अन् म्या विचारलं नाई."

"अन् तू सांगून काय होईन बे? परत येनार हाय का?" कलीमचा आवाज फुटला. "माहा बाप गेला त्याच्यात. म्या काही म्हनलं का तुले?"

खरंच तो काही म्हणाला नव्हता. पुढेही म्हणाला नाही. मुजफ्फरला ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

त्या संध्याकाळी कलीमच्या रोजच्या कामाच्या कॉम्प्युटरवर मुजफ्फर बसून राहिला. फोल्डर उघडलं की फोटोंची छोटी छोटी चित्रं दिसतात, त्यांची एक प्रत कधी कधी त्या कॉम्प्युटरवर राहते. कलीमनं ऑगस्टमध्ये 'अब्बा' इथूनच पाहिलं होतं. दोन तास शोधल्यावर थोडी सापडली. त्यात बापूजी होते. अंगठ्याच्या नखाएवढे. मुजफ्फरनं ते मोठं केलं. चेहऱ्याच्या जागी विटांसारखे चौकोन झाले. पुन्हा लहान केलं, तेव्हा परत माणूस दिसला.

बुधवारी अपेक्षा आली. कलीम आत निघून गेला. मुजफ्फरनं तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"बेटा, फोटो नाई राह्यला. माह्या हातानं गेला."

"म्हनजे?"

त्यानं सांगितलं. डिस्क, धूळ, बूच, सगळं. तिला त्यातलं फार समजलं नसावं. तिनं पडद्यावरचा अर्धा फोटो पाहिला. फेटा आणि कपाळ.

"खालचं कुठं गेलं?"

"नाई आता खालचं."

"कुठंच नाई?"

"कुठंच नाई."

तिनं पडद्यावर बोट ठेवलं, जिथे डोळे असते तिथे. मग म्हणाली, "कायले हात लावला जी तुमी? राहू द्यायचा होता बंदच. म्या थांबली असती. सहा महिने थांबली असती. फोटोले काय तेरवीच लागते का?"

 मुजफ्फरला वाटलं होतं, तिला गुरुवारीच पाहिजे. त्यानं तिला विचारलं नव्हतं. हेही विचारलं नव्हतं.

त्यानं नखाएवढं चित्र दाखवलं. तिनं डोळे बारीक करून पाहिलं. नाक पुसलं.

"मोठा नाई होत?"

"होते. पन मंग बापू दिसत नाई."

"मंग एवढाच द्या."

कलीमनं तो एवढाच छापला. मोठ्या पांढऱ्या कागदाच्या मधोमध, काचेच्या फ्रेममध्ये. फ्रेम हातात घेऊन ती पायऱ्या उतरली, पुन्हा वर आली. मुजफ्फरकडे न बघता म्हणाली, "उद्या या जेवाले. बापू असते तं बोलावलं असतं."

न जाणं त्याला जमलं असतं, पण तो गेला. मोटारसायकल गावाबाहेर लावून चालत गेला. अंगणात मांडव होता. पाटावर फ्रेम, हार, उदबत्ती. लोक यायचे, हात जोडायचे, आणि मग सगळेच कमरेत वाकून काचेजवळ डोळे न्यायचे. दोघं तिघं एकमेकांना विचारत होते. एवढा लहान काहून? एक म्हातारा बराच वेळ वाकून राहिला. त्याला धरून उठवावं लागलं.

"चेहरा नाई समजत," तो म्हणाला. "पन हा डाव्या अंगाचा सर्ज्या हाय. मोडकं शिंग त्याचं. बापूचाच सर्ज्या. मंग बापूच असन."

मुजफ्फरनं हात जोडले. वाकला नाही. ते चित्र त्याला पाठ झालं होतं.

जेवणाच्या पंगतीत त्याच्या शेजारी एक जण बसला होता, गावच्या सोसायटीतला. त्यानं भाजीत पोळी कुस्करत विचारलं, "तुमी वनीचे कॉम्प्युटरवाले ना? आमचं मशीन बंद पडून हाय पंधरा दिवसांपासून. साऱ्या गावाचं रेकॉर्ड हाय त्याच्यात. नव्या मशीनमंधी टाकून द्या म्हनतो. येता का सोमवारी?"

"नाई जी. दुसऱ्या कोनाले बोलवा."

"काहून? हेच तं काम तुमचं."

"आता नाई करत."

त्या माणसाला ती गंमत वाटली. तो हसला आणि वाढणाऱ्याला हाक मारून म्हणाला, "अरे, यायले वाढ ना. पान कोरडं हाय यायचं."

मुजफ्फरनं पानावर हात आडवा धरला. वाढणाऱ्यानं बोटांच्या फटीतून वरण सोडलं आणि पुढे गेला.